अर्धवट येतं, म्हणजे नक्की किती येतं?

गेल्या अंकात मी लिहिलं होतं की "येतं" आणि "येत नाही" याच्या मधे भली मोठी जागा आहे आणि आपण बहुतेक सगळे बहुतेक विषयांत तिथेच कुठेतरी असतो. त्यावर इतकी पत्रं आली की यावेळचा अख्खा कॉलम त्यालाच दिलाय. नावं कुणाचीच छापत नाहीये, बऱ्याच जणांनी तशी विनंती केली होती. लांब प्रश्न थोडे छोटे केलेत.

प्रश्न : ताई, माझ्या आईची भाषा वेगळी आणि बाबांची वेगळी. घरात बाबांचीच चालली. आई तिच्या बहिणींशी फोनवर तिच्या भाषेत बोलते ते मला सगळं कळतं, अगदी माझ्याबद्दल हळू आवाजात काय चाललंय ते पण. पण मला कुणी काही विचारलं की तोंडातून शब्द फुटत नाही. मावश्या हसतात, हिला काही येत नाही म्हणतात. कुठे फॉर्मवर "येणाऱ्या भाषा" लिहायच्या असल्या तर मी ही लिहू की नको? आणि आता तिशीत हे सुधारेल का?

लिहा. बिनधास्त लिहा, फक्त "समजते" आणि "बोलता येते" हे वेगवेगळं लिहा, कारण ती खरंच दोन वेगळी कामं आहेत आणि एक जमत नाही म्हणून दुसरं पण येत नाही असं अजिबात नसतं. तुमच्यासारखी माणसं जगभर आहेत. दोन भाषांची घरं किंवा एका देशातून दुसऱ्या देशात गेलेली कुटुंबं जिथे जिथे आहेत तिथे हमखास सापडतात, भाषाशास्त्रात त्यांना रिसेप्टिव्ह बायलिंग्वल म्हणतात.

हे असं का होतं ते जरा नीट बघू, कारण कारण कळलं की लाज बरीच कमी होते. ऐकताना तुम्हाला फक्त ओळखायचं असतं. विषय माहीत असतो, मागचं वाक्य माहीत असतं, बोलणाऱ्याचा सूर कळतो, मधला एखादा शब्द निसटला तरी पुढच्या दोन शब्दांवरून तो भरून निघतो. बोलताना यातलं काहीच मदतीला नसतं. शब्द तुम्हीच आठवायचा, त्याचं लिंग तुम्हीच ठरवायचं, क्रियापदाचा शेवट कसा करायचा तेही तुम्हीच, आणि हे सगळं किती वेळात? दहा वेगवेगळ्या भाषांमधल्या गप्पांचा एक अभ्यास २००९ मधे प्रसिद्ध झाला, त्यात एकाचा प्रश्न संपून दुसऱ्याचं उत्तर सुरू होईपर्यंत सरासरी साधारण २०० मिलिसेकंद जातात असं दिसलं, म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग. भाषेभाषेत थोडा फरक आहे पण फार नाही. आणि दुसरीकडे, माणसाला नुसतं एक चित्र दाखवून हे काय आहे विचारलं तर स्वतःच्या मातृभाषेत सुद्धा उत्तर यायला ६०० मिलिसेकंदांच्या आसपास लागतात. मग २०० मधे उत्तर देतो कसं? तर समोरचा बोलत असतानाच आपली जुळवाजुळव सुरू झालेली असते, त्याचं वाक्य संपायची आपण वाटच बघत नाही. तुम्ही मात्र आईच्या भाषेत वाक्य पूर्ण ऐकता, मग शब्द शोधता, मग तो बरोबर आहे का ते मनात तपासता, तोवर दीड-दोन सेकंद गेलेले असतात आणि गप्पांमधे दीड सेकंद म्हणजे खूप झाला, मावशी तोवर "जाऊ दे गं" म्हणून बाबांच्या भाषेत वळलेली असते. म्हणजे तुम्हाला येत नाही असं नाही, तुम्हाला तेवढा वेळ कुणी दिलाच नाही.

म्हणून पहिला उपाय वेळ मिळवण्याचा. व्हॉइस मेसेज. ज्या मावशीशी तुमचं सगळ्यात जास्त जमतं तिला एकटीला गाठा आणि सांगा की मी तुला दिवसाआड एक व्हॉइस मेसेज पाठवणार, तू तुझ्या भाषेत उत्तर दे, चुका काढू नकोस, फक्त मी काय म्हणाले ते तुझ्या उत्तरात बरोबर करून म्हण. ही शेवटची अट महत्त्वाची आहे. तुम्ही म्हणालात "काल मी बाजारात गेला" आणि तिने "अगं हो का, काल तू बाजारात गेलीस, मग काय आणलंस?" असं म्हटलं तर चूक दुरुस्त पण झाली आणि गप्पा पण थांबल्या नाहीत. दर वाक्याला अडवून शिकवायला लागलं की माणूस गप्प बसतो, मोठी माणसं तर जास्तच.

अगदी सुरुवातीच्या बॅचला जाऊ नका. तिथे "माझं नाव अमुक" पासून सुरू होईल आणि तुम्हाला ते लहानपणापासून येतंय, कंटाळून सोडून द्याल. त्यापेक्षा आईचं वाक्य कानावर पडलं की तेच्या तेच लगेच मोठ्याने म्हणायचं, भाजी चिरताना, आवरताना, कधीही. तोंडाला त्या आवाजांची सवयच नाहीये, ती अशीच लागते.

आणि तिशीचं म्हणाल तर तुमच्या कानावर हे आवाज लहानपणापासून पडलेत, नव्याने शिकणाऱ्या माणसाला ज्यासाठी वर्षं घालवावी लागतात ते तुमच्याकडे आयतं आहे. बोलणं आलंच नाही तरी सुद्धा आईशी नातं तुटत नाही हेही सांगते. डॅनिश, स्वीडिश आणि नॉर्वेजियन बोलणारी माणसं एकमेकांना भेटली की बऱ्याचदा आपापल्या भाषेतच बोलतात, समोरच्याची समजते तेवढं पुरतं. त्यांना कुणी हसत नाही. मावश्या तुम्हाला हसतात ते प्रेमाने असेल, मान्य, पण त्या हसण्यामुळे तुमचं तोंड इतकी वर्षं बंद राहिलंय आणि हे त्यांना कुणीतरी स्पष्ट सांगायला हवं. आईलाच सांगायला लावा.

प्रश्न : दोन वर्षं फ्रेंच शिकलोय, व्याकरणात चांगले मार्क असतात. हौसेने एक कादंबरी घेतली. वाक्यरचना कळते, बरेच शब्द पण ओळखीचे आहेत, तरी पान संपल्यावर काय घडलं ते सांगता येत नाही. प्रत्येक शब्द डिक्शनरीत बघायचा तर तासाला एक पान होतं. माझं काय चुकतंय?

तुमचं काही चुकत नाहीये, पुस्तक चुकलंय. एक गंमत करू. हे वाक्य वाचा :

काल संध्याकाळी ती ____ घेऊन त्याच्याकडे गेली, पण त्याने ते ____ नाही म्हणून ती खूप ____ आणि लगेच परत आली.

वीस शब्दांपैकी सतरा तुम्हाला येतात. म्हणजे ८५ टक्के, परीक्षेत डिस्टिंक्शन. पण झालं काय ते सांगा बघू. ती पैसे घेऊन गेली का पत्र का कुत्र्याचं पिल्लू, त्याने घेतलं नाही का वाचलं नाही, ती रडली, चिडली का हसली, काहीच कळत नाही. कारण अडलेले तीन शब्दच गोष्ट सांगत होते आणि बाकीचे सतरा त्यांना धरून उभे होते. प्रत्येक भाषेत असंच असतं, थोडेसे शब्द सारखे सारखे येतात आणि हजारो शब्द क्वचित येतात, सारखे येणारे आपण आधी शिकतो आणि त्यामुळे पानावर नजर फिरवली की बरंचसं येतंय असं वाटतं.

किती शब्द यायला हवेत यावर इंग्रजी शिकणाऱ्यांवर एक चांगला अभ्यास आहे, हू आणि पॉल नेशन या दोघांचा, २००० सालचा. गोष्टीतले ८० टक्के शब्द माहीत असलेल्यांपैकी एकालाही ती पुरेशी कळली नाही. आपलं आपण आरामात वाचायचं तर ९८ टक्क्यांच्या आसपास शब्द ओळखीचे हवेत असं त्यांनी काढलं, म्हणजे पन्नासात एक अडला तर चालतो. नेशन यांनी नंतर २००६ मधे हिशोब मांडला की इंग्रजी कादंबरी किंवा पेपर वाचताना हे ९८ टक्के गाठायला आठ ते नऊ हजार शब्दकुटुंबं लागतात, शब्दकुटुंब म्हणजे एक मूळ शब्द आणि त्यापासून झालेली त्याची रूपं. फ्रेंचचा आकडा हाच असेल असं नाही पण अंदाज यायला पुरे. दोन वर्षांत क्लासला जाऊन एवढे शब्द कुणाचेच होत नाहीत.

तेव्हा ती कादंबरी फेकू नका, वर ठेवून द्या. शिकणाऱ्यांसाठी मुद्दाम लिहिलेली, ठराविक शब्दांत बसवलेली छोटी पुस्तकं मिळतात, ग्रेडेड रीडर म्हणतात त्यांना, ती घ्या, आणि बालिश वाटली तरी एकापाठोपाठ एक संपवा. पानात दोन-तीनपेक्षा जास्त शब्द अडले तर एक पायरी खाली उतरा. डिक्शनरीचं म्हणाल तर जो शब्द त्याच प्रकरणात दुसऱ्यांदा तिसऱ्यांदा भेटतोय तोच बघायचा, किंवा ज्याच्याशिवाय वाक्याचा अर्थ उलटा होऊ शकतो तो. झाडांची आणि कपड्यांची नावं सोडून द्या, कुठलंसं झाड होतं एवढं कळलं की झालं. आणि तुम्हाला आवडणाऱ्या विषयावरचं वाचा, कारण विषयाचं ज्ञान शब्दांची कमी बरीच भरून काढतं. क्रिकेटवेड्या माणसाला परक्या भाषेतली मॅचची बातमी कळते पण त्याच पानावरची शेअर बाजाराची कळत नाही.

प्रश्न : चार वर्षांपूर्वी जर्मनची ए-२ परीक्षा पास झाले, नंतर हात लावला नाही. आता नोकरी बदलतीये. रेझ्युमेवर काय लिहू? मैत्रीण म्हणते सरळ "फ्लुएंट" लिही, कोण विचारतंय.

विचारतात. आणि विचारलं की पहिल्या दोन वाक्यांत कळतं, मग बाकीच्या रेझ्युमेवरचा विश्वास पण उडतो. मैत्रिणीचं ऐकू नका.

ए-१ ते सी-२ ही भाषा किती येते ते मोजायची सहा पायऱ्यांची पद्धत (ए-१ सगळ्यात खालची, सी-२ सगळ्यात वरची) काउन्सिल ऑफ युरोपने २००१ मधे छापली, आणि लोक विसरतात ती गोष्ट ही की त्यात ऐकणं, वाचणं, बोलणं, लिहिणं याची मोजमापं वेगवेगळी दिलेली आहेत. एकाच माणसाचं वाचणं बी-१ आणि बोलणं ए-१ असू शकतं आणि ते तसं लिहायला पूर्ण मुभा आहे. तेव्हा "जर्मन : ए-२ प्रमाणपत्र", पुढे साल, आणि मग एक ओळ, "साधे ईमेल वाचून समजतात, बोलण्याचा सराव सध्या नाही" असं काहीतरी. ही ओळ वाचून कुणी तुम्हाला कमी लेखणार नाही. उलट नोकरी देणाऱ्याला नेमकं हेच हवं असतं, की ही बाई कुठल्या कामाला चालेल.

चार वर्षांत किती गेलं म्हणाल तर वाटतं तेवढं नाही गेलं. हॅरी बॅहरिक नावाच्या मानसशास्त्रज्ञाने शाळा-कॉलेजात स्पॅनिश शिकलेल्या ७३३ लोकांना तपासलं होतं, काही नुकते शिकलेले तर काहींना शिकून पन्नास वर्षं झालेली. १९८४ चा हा अभ्यास. विसरणं पहिल्या तीन ते सहा वर्षांत भराभर होतं आणि मग थांबतं, जे उरतं ते पुढची पंचवीसेक वर्षं जवळजवळ तसंच राहतं, असं त्यात दिसलं. मुळात जितकं जास्त शिकलेलं तितकं जास्त उरलेलं. म्हणजे तुम्ही आत्ता त्या उतारावरच आहात, त्यामुळे नोकरी लागो न लागो, आत्ताच हात लावा. आणि त्याच्याही आधी, १८८५ मधे, हर्मन एबिंगहाउसने स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं होतं की जे आठवत नाही ते सुद्धा दुसऱ्यांदा पाठ करायला पहिल्यापेक्षा कमी वेळ लागतो. पुसलं गेलंय असं वाटतं तिथे सुद्धा काहीतरी शिल्लक असतं. जुनी वही काढा, नवीन कोर्स लगेच लावू नका, आधी महिनाभर जुनंच करा.

प्रश्न : आम्ही परदेशात आलोय. मला आणि यांना इथली भाषा मोडकीतोडकी येते, मुलगी बारा वर्षांची आहे आणि शाळेमुळे फडाफड बोलते. यांच्या तब्येतीचं सध्या बरंच चालू आहे, डॉक्टरांकडे तीच आमचं सांगते आणि त्यांचं आम्हाला सांगते. हुशार आहे, सगळं नीट करते. पण माझी बहीण म्हणते हे बरोबर नाही. काय करावं?

बहीण बरोबर आहे. मुलगी हुशार आहे यात मला शंका नाही, पण शाळेची भाषा येणं आणि दवाखान्याची भाषा येणं यात खूप फरक आहे, आणि तिला कुठला शब्द कळला नाही हे तुम्हाला कधीच कळणार नाही कारण ती तो सोडून पुढे जाईल. मुद्दाम नाही, मुलं अशीच करतात, मोठे पण करतात.

हे मी हवेत बोलत नाहीये. अमेरिकेत ग्लेन फ्लोरेस आणि सहकाऱ्यांनी मुलांच्या डॉक्टरांकडच्या तेरा भेटी रेकॉर्ड करून एकेक वाक्य तपासलं, आईवडील स्पॅनिश बोलणारे, मधे कुणीतरी दुभाषा. २००३ मधे छापून आलं. तेरा भेटींत ३९६ चुका, एका भेटीत सरासरी ३१. निम्म्याहून जास्त चुका गाळण्याच्या, म्हणजे बोललं गेलं पण पोचवलंच नाही. आयत्या वेळी पुढे केलेली जी माणसं होती, त्यांत नर्स होत्या, सोशल वर्कर होत्या आणि एक अकरा वर्षांचं भावंड पण होतं, त्यांच्या चुकांपैकी ७७ टक्के चुका अशा होत्या की उपचारावर परिणाम होऊ शकला असता. हॉस्पिटलने ठेवलेल्या दुभाष्यांच्या बाबतीत हेच ५३ टक्के. बघा, पगार घेऊन हेच काम करणाऱ्यांचं एवढं, तर बारा वर्षांच्या मुलीकडून आपण काय मागतोय? गोळी जेवणाआधी का नंतर, दिवसातून दोनदा का दोन दिवसांतून एकदा, ही वाक्यं अंदाजाने चालवायची नसतात.

आणि दुसरी गोष्ट, जी मला जास्त लागते. वडिलांच्या रिपोर्टमधे काही वाईट निघालं तर ते जगात सगळ्यात आधी त्या मुलीला कळणार आणि ते तिने स्वतःच्या तोंडाने तुम्हाला सांगायचं. हे ओझं तिच्यावर नको.

पुढची अपॉइंटमेंट घेतानाच विचारा की दुभाषा मिळेल का. फोनवरून किंवा व्हिडिओवरून ही सोय बऱ्याच ठिकाणी असते आणि पेशंटकडून पैसे घेतातच असं नाही. अमेरिकेत २०१६ च्या नियमांत तर इमर्जन्सी सोडून लहान मुलांना दुभाषी म्हणून वापरायला सरळ मनाई केली होती. दवाखान्यांचे नियम देशोदेशी वेगळे आहेत, तुमच्या इथले विचारून घ्या. दुभाषा नाहीच मिळाला तर डॉक्टरांना औषधाचं नाव, डोस आणि वेळ कागदावर लिहून द्यायला सांगा आणि मग तुम्ही स्वतः, तुमच्या मोडक्यातोडक्या भाषेत, ते त्यांना परत म्हणून दाखवा. "यांना एक गोळी, रात्री, जेवण झाल्यावर. बरोबर?" एवढं तुम्हाला येतं, आणि चुकलं तर डॉक्टर तिथल्या तिथे सांगतील. मुलीला बाहेर पुस्तक वाचत बसू दे.

प्रश्न : मी खूप वाचतो, व्हिडिओ बघतो, त्यामुळे ग्रुपमधे कुठलाही विषय निघाला की मला काहीतरी माहीत असतं आणि मी बोलतो. हल्ली एक मित्र मला "डनिंग-क्रुगर" म्हणून गप्प करतो, म्हणजे ज्याला कमी येतं त्यालाच आपल्याला खूप येतं असं वाटतं. तो आलेख पण पाठवतो, सुरुवातीला मूर्खपणाचं शिखर आणि मग दरी. खरंच असं असतं का? मी बोलणं बंद करू का?

बोलणं बंद करू नका. आणि मित्राला सांगा की तो जो आलेख पाठवतो तो डनिंग-क्रुगरच्या मूळ पेपरमधे नाहीच. शिखर आणि दरीवालं चित्र नंतर नेटवर कुणीतरी काढलंय आणि तेच सगळीकडे फिरतंय.

जस्टिन क्रुगर आणि डेव्हिड डनिंग यांचा पेपर १९९९ चा. त्यांनी कॉर्नेल विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना तर्कशास्त्र, व्याकरण आणि विनोदाची जाण अशा चाचण्या दिल्या आणि विचारलं की इतरांच्या तुलनेत तुम्ही कुठे आहात. सगळ्यात खालच्या चौथाईतली मुलं खरं तर शंभरात साधारण बाराव्या जागी होती, खालून मोजून, आणि त्यांचा स्वतःचा अंदाज बासष्ट. वरची मुलं उलट स्वतःला थोडं कमी धरत होती. पण बघा, अंदाजात सुद्धा खालच्यांनी स्वतःला वरच्यांपेक्षा वर नाही ठेवलं. "ज्याला कमी येतं त्यालाच सगळ्यात जास्त घमेंड" असं त्यात कुठेच नाहीये. शिवाय या निकालातला काही भाग नुसत्या आकडेमोडीमुळे दिसतो, म्हणजे अगदी तळाशी असलेल्याचा अंदाज चुकला तर तो वरच्याच बाजूला चुकणार, अशी टीका नंतर बऱ्याच जणांनी केलीये. त्यामुळे हे नाव फेकून समोरच्याला गप्प करणं मला पटत नाही.

तुमच्या उपयोगाचा अभ्यास दुसराच आहे. लिओनिड रोझेनब्लिट आणि फ्रँक काइल, येल, २००२. त्यांनी लोकांना विचारलं की चेन, म्हणजे कपड्याची झिप, कुलूप, हेलिकॉप्टर, फ्लश हे कसं चालतं ते तुम्हाला किती कळतं, मार्क द्या. लोकांनी मार्क दिले. मग म्हणाले आता लिहा, पायरीपायरीने, कसं चालतं ते. लिहायला बसल्यावर परत मार्क मागितले तर ते घसरले. आपल्याला वस्तू ओळखीची असते आणि आपण त्यालाच कळणं समजतो. तुम्ही आत्ता, वर न बघता, एका कागदावर सायकल काढा. फ्रेम, पेडल, चेन, सगळं. रिबेका लॉसन यांनी २००६ च्या अभ्यासात लोकांकडून हेच करून घेतलं होतं आणि चांगल्या मोठ्या लोकांनी चेन पुढच्या चाकाला पण जोडली, कुणी दोन चाकांच्या मधे आडवी दांडी टाकली, अशी सायकल वळणारच नाही. सायकल आपण लहानपणापासून बघतोय.

मग ग्रुपमधे बोलायच्या आधी एवढंच करा. जे सांगणार आहात ते "का" आणि "कसं" या दोन प्रश्नांना किती पायऱ्या टिकतं ते मनात बघा. दोन पायऱ्यांनंतर हवा असेल तर तसं म्हणा, "मी एवढंच ऐकलंय, पुढचं मला माहीत नाही". हे एक वाक्य जोडलंत की तुमची अर्धवट माहिती सुद्धा ग्रुपला उपयोगाची होते, कारण पुढे कुठून शोधायचं ते सगळ्यांना कळतं. अर्ध्या हळकुंडाने पिवळं होणं म्हणतात ते हे वाक्य गाळलं की होतं. आणि मित्राला पण सायकल काढायला सांगा.

प्रश्न : शाळेनंतर गणित सोडलं, भीतीच बसली होती. आता पंचेचाळिशीत भौतिकशास्त्राची प्रचंड ओढ लागलीये. गणिताशिवाय हे वाचणं म्हणजे नुसता टाइमपास आहे का?

नाही. मायकेल फॅरेडे बुकबाइंडरकडे शिकाऊ होता, शाळा जेमतेम, वरचं गणित त्याला कधीच आलं नाही, आणि १८३१ मधे विद्युतचुंबकीय प्रवर्तन, म्हणजे हलत्या चुंबकाने तारेत वीज तयार होणं, त्याने प्रयोगातून शोधलं. बलरेषांची, म्हणजे चुंबकाचा जोर भोवती कसा पसरतो ते दाखवणाऱ्या रेषांची, कल्पना त्याचीच. त्या कल्पनेला गणितात मांडलं जेम्स मॅक्सवेल या गणितात मुरलेल्या भौतिकशास्त्रज्ञाने, १८५० च्या दशकात सुरुवात करून. १८५७ मधे फॅरेडेने त्याला पत्र लिहून विचारलं होतं की गणिती माणूस जेव्हा निष्कर्षाला पोचतो तेव्हा तो साध्या भाषेत पण तितकाच पूर्णपणे सांगता येणार नाही का, म्हणजे आमच्यासारख्यांना त्यावर प्रयोग करता येतील. मला हे पत्र फार आवडतं. स्वतःला काय येत नाही ते त्याला नेमकं माहीत होतं आणि ते ज्याला येतं त्याच्याकडे तो सरळ मागायला गेला.

पण फॅरेडेकडे हाताची जी ताकद होती ती पुस्तक वाचून येत नाही, तेव्हा त्याच्या नावाखाली गणित पूर्ण टाळू नका. सगळं गणित लागत नाही. आधी गुणोत्तर, मग आलेख वाचणं, मग एखादी गोष्ट किती वेगाने बदलतीये म्हणजे काय, एवढं या क्रमाने करा. समीकरण आलं की पान उलटू नका, त्यातलं एकेक अक्षर कशासाठी आहे ते विचारा आणि हे वाढलं तर ते वाढेल का कमी होईल एवढंच शोधा. सोडवायचं नाही, फक्त वाचायचं.

प्रश्न : निवृत्त आहे. मला पर्शियन फक्त वाचायला शिकायचंय, जुन्या कवितांसाठी. बोलायला कुणी नाही आणि इच्छाही नाही. शिकवणारे म्हणतात असं अर्धं शिकता येत नाही, चारही अंगं करावी लागतात. खरंय का?

नाही हो, करता येतं. अमेरिकेत इतिहास आणि गणितासारख्या विषयांत पीएचडी करणाऱ्यांना फ्रेंच किंवा जर्मन फक्त वाचता येते का एवढीच परीक्षा बरीच विद्यापीठं घेत आलीयेत, बोलायचं त्यात काहीच नसतं. तुम्ही शिक्षक बदला किंवा आहेत त्यांनाच सांगा की तासाला एक कविता घेऊन बसू, संवाद नकोत. लिपी पक्की करा, तिच्यात बहुतेक ऱ्हस्व स्वर लिहीत नाहीत त्यामुळे सुरुवातीला शब्द ऐकून मगच वाचायचा. व्याकरणात पर्शियनला नामांचं लिंग नाही, तेवढा ताप वाचला. उच्चार मात्र पूर्ण टाळू नका, कवितेला छंद आहे आणि तो कानानेच कळतो, म्हणून ज्या कविता वाचाल त्यांचं कुणा जाणकाराने केलेलं पठण शोधून सोबत ऐका आणि मोठ्याने म्हणा. बाजारात भाव कसा विचारायचा तो धडा खुशाल सोडा.